खण, धाबं आणि आभाळ

खान्देशात जुनं घर पाडत नाहीत, उतरवतात. आधी धाब्यावरची, म्हणजे सपाट मातीच्या छतावरची, माती कुदळीने सैल करून टोपल्या-टोपल्यांनी खाली येते. मातीखाली तुराट्यांचा किंवा पऱ्हाट्यांचा, म्हणजे तुरीच्या किंवा कपाशीच्या काड्यांचा, थर लागतो, कुठे कडुलिंबाचा वाळलेला पाला, कुठे शिंदीच्या फांद्या. तो थर उचलला की किलचण दिसते, म्हणजे हात-दीड हात लांबीच्या, एकमेकींना खेटून बसवलेल्या फळकुट्या. किलचणीखाली कड्या, कड्यांखाली तुळया, तुळयांखाली खांब आणि खांबाखाली दगडी तळखडा. ज्या क्रमाने घर चढलं त्याच्या उलट क्रमाने ते उतरतं. चांगल्या बांधणीच्या घरात सगळा सांगाडा निघून गेला तरी दोन-दोन फुटांच्या मातीच्या भिंती जागेवर उभ्या राहतात, कारण छताचं ओझं त्यांनी कधी घेतलेलंच नसतं. त्या उन्हापासून, वाऱ्यापासून आणि चोरापासून आडोसा देत होत्या. भार लाकडाकडे होता.

अंगणात उतरवून ठेवलेली एखादी तुळई जवळून पाहावी. वरच्या अंगाला वाकसाचे उथळ, एकाच दिशेने गेलेले घाव असतात. खालचं अंग चुलीच्या धुराने काळं आणि गुळगुळीत झालेलं असतं. टोकाला कुसू असतो, म्हणजे खांबाच्या खाचेत बसणारी लाकडाची जीभ. खिळा कुठेही नाही. नखाने खरवडलं की काळ्या पापुद्र्याखाली सागाचा तांबूस, तेलकट गाभा दिसतो. दोन-तीन पिढ्या डोक्यावर टनावारी माती पेलूनही तो कुठे भुसभुशीत झालेला नसतो. अशी तुळई ट्रॅक्टरवर चढते, जुन्या लाकडाच्या वखारीत जाते आणि तिचा सोफा किंवा दरवाजा होतो. तिच्या जागी चार-पाच इंचांचा सिमेंटचा स्लॅब येतो आणि पहिल्याच उन्हाळ्यात खिडकीत कूलर बसतो.

‘निसर्गाकडून शिकलेलं घर’ म्हणजे काय, याचं उत्तर जळगाव-धुळ्याच्या गल्ल्यांमध्ये शोधायचं मी ठरवलं, त्याला कारण आहे. लाकडाच्या सांगाड्यावर कमी ऊर्जेत निवारा देणारं घर कसं असावं, यावर जगभर आज जे बोललं जातं, त्याचा एक पुरता विचार केलेला नमुना इथे वापरात होता आणि थोडाफार अजून आहे. तो जसाच्या तसा परत आणावा असं माझं म्हणणं नाही. त्यात दोष आहेत, त्यातला एक तर प्राणघातक आहे. माझं म्हणणं एवढंच, की त्या घरात लाकूड, माती आणि आभाळ यांच्यात कामाची जी वाटणी होती ती आजच्या घरकुलालाही लागू पडते, आणि ती वाटणी न समजता आपण ते घर उतरवतो आहोत.

कुठला निसर्ग?

निसर्गापासून प्रेरणा घेतलेलं घर म्हटलं की खान्देशी माणसाला बहिणाबाईंच्या कवितेमुळे सुगरणीचा खोपा आठवतो आणि वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्याला वाळवीचं वारूळ. झिंबाब्वेच्या हरारे शहरात मिक पिअर्स या वास्तुरचनाकाराची ईस्टगेट सेंटर ही इमारत १९९६ साली उभी राहिली. रात्रीची गार हवा काँक्रीटच्या पोटात साठवायची आणि दिवसा तिच्यावर इमारत थंड ठेवायची, ही तिची रीत वारुळावरून सुचल्याचं सांगितलं जातं. पुढे स्कॉट टर्नर आणि रूपर्ट सोअर या अभ्यासकांनी वारुळांचा बारकाईने अभ्यास केला. त्यांना दिसलं ते असं, की वारुळाचे उंच मनोरे त्याला थंड ठेवत नाहीत. ते फुफ्फुसांसारखे श्वासोच्छ्वासाच्या कामी येतात. आतल्या वस्तीचं तापमान सांभाळते ती भोवतालची जमीन. मला यातली ही दुरुस्ती जास्त मोलाची वाटते. निसर्गाचा आकार उचलला तर फसगत होते. काम उचलावं लागतं, आणि तेही आपल्या मुलखातल्या निसर्गाचं.

आपला मुलूख म्हणजे तापीचं खोरं. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर आणि मधे पूर्व-पश्चिम पसरलेली काळी सपाटी. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४२ अंशांच्या वरच असतो आणि ४५-४६ ही कुणाला नवलाई वाटत नाही. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याचा पारा ५-६ अंशांपर्यंत उतरतो. पाऊस वर्षाला साधारण पाचशे ते सातशे मिलिमीटर, तोही चार महिन्यांत. म्हणजे कोकणातल्यासारखा छपराला तीव्र उतार देऊन पाणी फेकून द्यायची इथे गरज नव्हती. गरज होती ती दुपार आणि मध्यरात्र यांच्यातल्या फरकाचा उपयोग करून घेण्याची. उन्हाळ्यात हा फरक पंधरा अंशांच्या आसपास असतो आणि रात्रीचं आभाळ कोरडं, निरभ्र असतं. या मुलखात निसर्गाने दिलेली सर्वांत मोठी सोय ते आभाळच आहे.

इथेच परदेशी लाकडी घरांची नक्कल फसते. नॉर्वेत म्योसटॉर्नेट ही ८५ मीटर उंचीची लाकडी इमारत २०१९ साली उभी राहिली आणि लाकूड पुन्हा चर्चेत आलं, ही आनंदाची गोष्ट आहे. पण ओंडक्यांचं किंवा फळ्यांचं हलकं घर उचलून भुसावळला आणून ठेवलं तर ते दुपारी भट्टी होईल. लाकूड उष्णता चटकन पुढे देत नाही, काँक्रीटच्या तुलनेत साधारण दहावा हिस्साच देतं, हे खरं. पण ते उष्णता साठवूनही फारशी ठेवत नाही. थंड देशांत घरातली ऊब बाहेर जाऊ द्यायची नसते, तिथे एवढं पुरतं. खान्देशात बाहेरची आग आठ-दहा तास दाराबाहेर थोपवायची असते, त्यासाठी वजनदार सोबती लागतो. इथल्या सुतारांनी तो पायाखालूनच घेतला.

चोवीस तासांचा हिशेब

धाब्यावर एक फूट माती आहे असं धरू. मे महिन्यात दुपारी एक-दीडला तिच्या वरच्या कातडीचं तापमान साठ अंशांवर जातं. स्लॅबचंही तेवढंच जातं, त्यात भेद नाही. भेद आहे तो ही उष्णता खाली पोचायला किती वेळ लागतो आणि पोचेपर्यंत तिच्यात किती जीव उरतो यात. मातीत उष्णता ज्या वेगाने सरकते त्याचा हिशेब केला, तर फूटभर मातीतून दुपारची लाट आत यायला नऊ-दहा तास लागतात आणि वर झालेल्या चढउताराचा दहावा हिस्साही खाली उरत नाही. साडेचार-पाच इंचांच्या काँक्रीटमधून तीच लाट तीन-चार तासांत उतरते आणि चढउताराचा जवळपास निम्मा भाग बरोबर आणते. स्लॅबच्या घरात संध्याकाळी पाचपासून छतच शेगडीसारखं वागू लागतं ते यामुळे. दिवेलागणीला बाहेर झुळूक असते आणि घरात पंखा गरम वारा फेकत असतो.

धाब्याच्या घरात ती लाट खाली पोचते रात्री अकरा-बाराच्या सुमारास. त्या वेळी घरात असतं कोण? उन्हाळ्यात सगळं घर बाजा आणि गोधड्या घेऊन धाब्यावर झोपायला गेलेलं असतं. घर दिवसाचं आणि धाबं रात्रीचं, अशी ही वाटणी होती. दिवसभर तापलेली माती सूर्य बुडाल्यापासून आपली उष्णता आभाळाकडे फेकत राहते. हवा कोरडी आणि ढग नसले की अशी उघडी जमीन हवेपेक्षाही गार होते. पहाटे धाब्यावर अंगावर चादर ओढावी लागते, याचं कारण हेच. सकाळी माती गार असते आणि पुढच्या दुपारसाठी पुन्हा कोरी झालेली असते. उष्णता टाकून द्यायला वीज लागत नाही, मोकळं आभाळ लागतं. सपाट छत असलं की ते मिळतं, म्हणूनच या मुलखात छत सपाट झालं.

केंद्र सरकारने घरांसाठी ‘इको-निवास संहिता’ डिसेंबर २०१८ मध्ये आणली. छताच्या एका चौरस मीटरमधून, आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना, १.२ वॉटपेक्षा जास्त उष्णता जाऊ नये, असा तिचा दंडक आहे. ही संहिता मोठ्या भूखंडांवरच्या इमारतींसाठी आहे, खेड्यातल्या घराला तिचं बंधन नाही. पण मोजपट्टी म्हणून ती चांगली. उघडा काँक्रीटचा स्लॅब या मर्यादेच्या तिप्पट भरतो. फूटभर माती आणि दीड इंच लाकूड धरलं तर धाबं १.२ च्या आसपास येतं, आणि मधला दोन इंचांचा काड्यांचा थर मोजला तर त्याच्याही बरंच खाली. काड्यांच्या पोकळीत अडकलेली हवा हा या छतातला सर्वांत हलका आणि सर्वांत स्वस्त थर आहे. शेतातल्या कचऱ्याचं मोल इतक्या नेमकेपणाने ओळखलेलं दुसरीकडे क्वचितच दिसतं.

घराची बाकीची रचनाही याच कामात हातभार लावते. घरं पाठीला पाठ आणि भिंतीला भिंत लावून बसतात, त्यामुळे दोन बाजूंना ऊन लागतच नाही. दर्शनी बाजू अरुंद, घर आत खोल. आधी ओटा, मग ओसरी, मग माजघर, असं एकेका उंबऱ्याने ऊन आणि झळ मागे राहते. १८१८ नंतर इंग्रज अधिकारी कॅप्टन जॉन ब्रिग्जने धुळ्याची नवी पेठ सरळ रेषेत आखून घेतली आणि तिथल्या गल्ल्यांना आजही क्रमांक आहेत. रस्ते असे आखीव असूनही त्यांच्या कडेला घरं मात्र याच रीतीने, खणांच्या मापाने उभी राहिली. खण म्हणजे चार खांबांमधली जागा, साधारण पाच फूट बाय पाच फूट. घर किती चौरस फुटांचं ते कुणी विचारत नसे, किती खणांचं ते विचारत. झाडाच्या खोडातून किती लांबीची कडी वाकल्याशिवाय मातीचं ओझं पेलेल, यावरून हे माप आलेलं आहे. झाडाने ठरवलेलं माप माणसाच्या घराचं परिमाण झालं. निसर्गाची प्रेरणा म्हणतात ती मला यात अधिक दिसते.

खारी माती

सपाट मातीचं छत गळत कसं नाही, हा पहिला प्रश्न कुणालाही पडतो. अहिराणीत ‘धाबं गयस’ ही तक्रार जुनीच आहे, म्हणजे ते गळत असे. पण ज्या मातीने गळती थांबवली जाई तिची निवड थक्क करणारी आहे. मृगाआधी धाब्यावर खारी माती पसरायची. नाल्याकाठच्या चोपण जमिनीतली, पांढुरकी, पीक न येणारी ही माती. शेतकरी तिला नावं ठेवतो ते तिच्यात पाणी मुरत नाही म्हणून. या मातीत सोडियम जास्त असतं. ती भिजली की चिकणमातीचे कण एकमेकांपासून सुटतात, फुगतात आणि मातीतली बारीक छिद्रं बुजवून टाकतात. जमिनीत जो दोष, तोच छतावर गुण. पहिल्या पावसात वरचा बोटभर थर भिजतो, बंद होतो आणि पुढचं पाणी पन्हाळीकडे सरकतं. उन्हाळ्यात तडे गेले तरी पुढच्या जेठात नवी खारी पडते.

भिंतींसाठी पांढरी वापरत. जुन्या गावठाणाची, शतकानुशतकं माणसं राहून गेलेल्या टेकाडांची ही माती. राख, शेण, भुसा कुजून तयार झालेली आणि तडे कमी जाणारी. याची एक बाजू खटकणारी आहे. गिरणाकाठचं बहाळ, तापीकाठचं प्रकाशे, साक्री तालुक्यातलं कावठे, अशा ठिकाणच्या उत्खननांतून खान्देशातली ताम्रपाषाणयुगीन वस्ती उजेडात आली ती अशाच टेकाडांमधून. घरासाठी पांढरी नेता नेता असा किती इतिहास भिंतींत गेला असेल, याची मोजदाद नाही. नवं काही करायचं तर पांढरीला हात न लावता करावं लागेल. काळी माती, मुरूम आणि थोडा चुना यांच्या मिश्रणावर ते काम होऊ शकतं.

सातपुड्याच्या पायथ्याशी

चोपडा, यावल, रावेर किंवा शिरपूर तालुक्यात उत्तरेकडे सरकत गेलं की धाबं संपतं आणि पावरा, भिल्ल, तडवी वस्त्यांमध्ये दुसरंच घर लागतं. बेळक्याच्या खांबांवर आडं, त्यावर बांबूचे वासे, वर नळीची कौलं किंवा गवत. भिंत कुडाची, म्हणजे माणवेल बांबूच्या चिवाट्या किंवा काटक्या विणून त्यावर शेणमातीचा लेप. भिंत आणि छप्पर यांच्यात मुद्दाम मोकळी फट ठेवलेली असते. हे घर उष्णता साठवत नाही, थोपवतही नाही. ते सावली धरतं आणि वारा खेळू देतं. माथ्यावर गोळा झालेली गरम हवा आणि चुलीचा धूर फटीतून बाहेर पडतात, आणि जाता जाता धूर बांबूला कीड लागू देत नाही. सुगरणीच्या खोप्याची आठवण इथे खरी ठरते. विणलेलं, हलकं, श्वास घेणारं घर ते हेच.

एकाच जिल्ह्यात चाळीस-पन्नास किलोमीटरच्या अंतरावर दोन घरं इतकी निराळी का? पायथ्याशी झाडांची सावली आणि डोंगरावरून रात्री उतरणारा गार वारा आहे, सपाटीवर दोन्ही नाहीत. एका नकाशाची घरकुलं दोन्हीकडे देणं चूक आहे, याचा यापेक्षा चांगला पुरावा मला माहीत नाही.

या हलक्या बांधकामाला खान्देशात एकदा मोठा मान मिळाला होता. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. गांधीजींच्या आग्रहावरून चित्रकार नंदलाल बोस यांनी तिथलं नगर बांबू आणि गावात मिळणाऱ्या साध्या वस्तूंनी सजवलं. गावच्या साहित्यात प्रतिष्ठा असते, हे हजारो लोकांनी यावल तालुक्याच्या मातीत डोळ्यांनी पाहिलं. अधिवेशन उठलं आणि ते साहित्य पुन्हा ‘कच्चं’ ठरलं.

स्लॅब का जिंकला

लोकांनी धाबं सोडलं त्याला त्यांच्या बाजूने भक्कम कारणं आहेत आणि ती मान्य केल्याशिवाय पुढे बोलण्यात अर्थ नाही. दरवर्षी माती चढवायची, ती बायकांनी डोक्यावरून वाहायची, भिंती लिंपायच्या, जमिनी सारवायच्या. या श्रमांची मजुरी कुणी कधी मोजली नाही, कारण ती बाईची होती. माजघरात दिवसाही दिवा लागे. धाब्यावर गवत उगवे, मातीत उंदीर बिळं करत आणि उंदरांमागे साप येई. स्लॅबवर वरचा मजला चढतो, बँक कर्ज देते, मुलाच्या लग्नाच्या बोलणीत घर ‘पक्कं’ असं सांगता येतं. प्रधानमंत्री आवास योजनेचं ग्रामीण घरकुल किमान २५ चौरस मीटरचं. सपाटीवर त्याला १ लाख २० हजारांचं मूळ अनुदान धरलेलं. एवढ्या पैशात गवंडी जे झटपट बांधून देतो तेच लोक घेणार.

पण स्लॅबची किंमत बांधून झाल्यावर संपत नाही. खान्देशात ती कूलरमध्ये भरावी लागते. घरगुती कूलर भर दुपारी तासाला आठ-दहा लिटर पाणी उडवतो. धुळ्यासारख्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं आणि यावल-रावेरच्या केळीपट्ट्यात भूजल खोल खोल गेलं आहे, तिथे हे पाणी कुणाच्या वाट्याचं, हा प्रश्न दर उन्हाळ्यात उभा राहतो. कूलरकडून वातानुकूलन यंत्राकडे गेलेलं घर विजेवर उभं राहतं. त्यातली बरीच वीज भुसावळजवळ दीपनगरच्या औष्णिक केंद्रासारख्या ठिकाणी कोळसा जाळून येते. भारनियमन झालं किंवा बिल थकलं की तेच घर राहण्याजोगं उरत नाही. ऊर्जा वाचवणारं घर म्हणजे कमी बिलाचं घर, एवढाच त्याचा अर्थ नाही. वीज गेल्यावरही म्हातारं माणूस दुपारी ज्यात सुखरूप राहील ते ऊर्जा वाचवणारं घर. उष्माघाताच्या या मुलखात ही कसोटी मी बिलाच्या आधी लावीन.

किल्लारीचा प्रश्न

सर्वांत मोठा आक्षेप भूकंपाचा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात आठ ते दहा हजार माणसं गेली, त्यांतली बहुसंख्य दगडमातीच्या भिंती आणि माळवदाखाली चिरडून. माळवद म्हणजे धाब्याचाच मराठवाड्यातला भाऊ. जळगाव आणि धुळे भूकंपाच्या तिसऱ्या क्षेत्रात मोडतात आणि १४ मार्च १९३८ रोजी सातपुड्यात सुमारे सव्वासहा तीव्रतेचा धक्का बसलेला आहे. हिशेब पाहा: फूटभर मातीचं वजन चौरस मीटरला पाचशे किलोच्या वर जातं, म्हणजे एका खणावर सुमारे सव्वा टन. अनेक घरांत दरवर्षी जुनी माती न काढता नवी टाकत गेल्याने थर दीड-दोन फुटांवर पोचलेला असतो. असलं ओझं डोक्यावर घेऊन झोपायला सांगणं गुन्हा ठरेल.

तरी किल्लारीनंतरच्या पाहण्यांमधून एक गोष्ट पुढे आली आणि ती आपल्या युक्तिवादाला थेट भिडते. जिथे छत लाकडी खांबांवर, भिंतीपासून स्वतंत्र उभं होतं, तिथे भिंती ढासळूनही पुष्कळदा छत खांबांवर राहिलं. जिथे काटकसर म्हणून खांब गाळून तुळया थेट दगडी भिंतीवर टेकवल्या होत्या, तिथे भिंतीबरोबर सगळंच आत आलं. यातून लाकडाला दोषमुक्त करायचं कारण नाही. खणाचा सांगाडा उभ्या भाराला पक्का आणि आडव्या हिसक्याला कमजोर असतो, त्याला तिरके आधार नसतात. पण दोष नेमका कुठे ते यातून कळतं. वर अतोनात वजन, बाजूला तिरक्या आधाराचा अभाव आणि नुसत्या मातीत रचलेले गोटे. यातला एकही दोष लाकडी सांगाडा टाकून दिल्याने जात नाही. कमी सळई आणि निकृष्ट काँक्रीटवर उभा राहिलेला स्लॅबही तितकाच मारतो.

उपाय सरळ आहे. माती फुटाऐवजी अर्धा फूट घ्यायची. वजन चौरस मीटरला अडीचशे किलोवर येतं, म्हणजे पाच इंचांच्या स्लॅबपेक्षाही कमी. मातीचा जो उशीर गमावला त्याची भरपाई काड्यांच्या थराने करायची. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पऱ्हाट्यांपासून दाबून तक्ते करण्याचं तंत्र केव्हाच विकसित केलं आहे, आणि जळगाव जिल्ह्यात वेचणीनंतर पऱ्हाट्या बांधावर जाळल्या जातात. दोन इंचांचा असा थर, त्याखाली दीड इंच लाकूड आणि वर अर्धा फूट माती, एवढ्यावर छत संहितेच्या १.२ च्या आत सहज बसतं. खांब-तुळईच्या कोनांत तिरके आधार द्यायचे, तळखड्याला लोखंडी पट्टीने खांब जखडायचा. भारतीय मानकांमध्ये लाकडी आणि मातीच्या बांधकामांच्या भूकंपसुरक्षेचे नियम आहेत. गवंड्याच्या हातात ते पोचलेले नाहीत, एवढंच.

वाळवी आणि आगीच्या भीतीबद्दल थोडक्यात. सागाच्या गाभ्यात वाळवीला न रुचणारी द्रव्यं असतात, कोवळ्या सागाच्या पांढऱ्या लाकडात ती नसतात, म्हणून तिथे बोरॅक्स-बोरिकची प्रक्रिया लागतेच. जाड लाकूड पेटलं तरी तासाला साधारण चार सेंटिमीटर इतकंच कोळसा होत आत जातं, आणि मातीखालच्या किलचणीला वरून हवा मिळत नाही. कुडाचं आणि गवताचं छप्पर मात्र खरोखर धोक्याचं आहे, ते मी नाकारत नाही.

झाडं कुठून आणायची?

लाकडाची घरं म्हणजे जंगलतोड, हा आक्षेप भावनेचा नाही, इतिहासाचा आहे. खान्देशातल्या वाड्यांची लाकडं सातपुड्यातून आली आणि सातपुडा आज जागोजागी उघडा आहे. यावल अभयारण्यातला उरलेला साग घरांसाठी कापा असं कुणी म्हणणार नाही.

पण आकडे समोर ठेवू. खणाला सगळं मिळून साधारण पाव घनमीटर लाकूड लागतं. दहा खणांना दोन ते अडीच घनमीटर. शेताच्या बांधावर वीस-पंचवीस वर्षं वाढलेला साग धरला तर दहा-पंधरा झाडं. वाळलेल्या लाकडाचं निम्मं वजन कार्बनचं असतं, म्हणजे घनमीटरभर सागात हवेतून काढून घेतलेला सव्वा टनाच्या आसपास कार्बन डायऑक्साइड वायू साठलेला असतो. घर उभं आहे तोवर तो तिथेच राहतो. उलट टनभर सिमेंट करताना पाऊण टनाच्या आसपास तोच वायू हवेत जातो. बांधावर झाड लावणाऱ्याला ते घरासाठी कापता आलं पाहिजे, हा खरा अडसर आहे. १९६४ च्या वृक्षतोड कायद्याखाली स्वतःच्या शेतातला सागही परवानगीशिवाय तोडता येत नाही आणि वाहतुकीला पास लागतो. जंगल वाचवण्यासाठी केलेला हा नियम बांधावर साग लावण्याची इच्छाच मारतो. बांबूच्या बाबतीत हे ओळखून २०१७ मध्ये केंद्राने वनक्षेत्राबाहेरच्या बांबूला ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळलं. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागानेही १९९३ पासूनची लाकडावरची बंदी २०२० मध्ये उठवली. बांधावरच्या सागाला तशीच मोकळीक मिळायला हवी.

आणि माणसं जंगल राखून वापरू शकतात की नाही, याचं उत्तर धुळे जिल्ह्यातच आहे. साक्री तालुक्यातल्या बारीपाडा या कोकणा आदिवासींच्या गावाने चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने स्वतःचे नियम केले, तोडीला दंड ठरवला, पाळी लावून राखण केली आणि चारशे हेक्टरांवर जंगल परत उभं केलं. २०२५ साली पवारांना पद्मश्री जाहीर झाली. ज्या गावाला जंगलाचा उपयोग आहे ते गाव ते राखतं. आणि सातपुड्यातच पूर्वेकडे, मेळघाटातल्या लवादा इथे, संपूर्ण बांबू केंद्राने बांबूची टिकाऊ घरं आणि ती बांधणारे कारागीर तयार केले. पावरा वस्त्यांच्या घरकुलांसाठी दूर जायची गरज नाही.

दहा खणांचं घरकुल

घरकुलाचे २५ चौरस मीटर म्हणजे जवळपास २७० चौरस फूट. पाच बाय पाचच्या खणाने भागलं तर दहा-अकरा खण. हा योगायोग मला फार बोलका वाटतो. सरकारने आज ठरवलेलं गरिबाच्या घराचं माप, जुन्या सुताराच्या भाषेत दहा खणांचं साधं घर होतं. बांधावरचा साग किंवा प्रक्रिया केलेली बाभूळ-निंब यांचे खांब आणि तुळया, पऱ्हाट्यांचे तक्ते, अर्धा फूट माती, वर पाणी अडवणारं एक पातळ अस्तर, म्हणजे दरवर्षीची खारी चढवायला नको. भिंत फुटा-सव्वाफुटाची दाबलेल्या मातीच्या विटांची. माथ्याजवळ जाळीचे झरोके, म्हणजे माजघर अंधारं राहणार नाही आणि रात्री गार हवा आत खेळेल. धाब्यावर जायला बाहेरून पक्का जिना आणि कठडा.

यात खर्च कुठे वाढेल? मजुरीत, कारण सांगाड्याला कुशल हात लागतो. पण ती मजुरी गावात राहते, सिमेंट-सळईचा पैसा गावाबाहेर जातो. अडचण आहे ती हा हात शिल्लक आहे का, याची. कुसू आणि खाच केसभर फटीने बसवणारे, खोड पाहून त्यातून तुळई निघेल की कडी हे सांगणारे सुतार आता साठी-सत्तरीत आहेत. त्यांची मुलं प्लायवूडची कपाटं करतात. आयटीआयच्या सुतारकामाच्या वर्गात दरवाजा-खिडकी शिकवतात, खण शिकवत नाहीत.

पूर्वी एखाद्याचं घर एका गावातून उतरवून दुसऱ्या गावी उभं करायचं असेल, तर सुतार उतरवतानाच प्रत्येक खांबावर, तुळईवर आणि कडीवर पटाशीने खूण करून ठेवी. पूर्वेची दुसरी, चुलीवरची तिसरी, अशा खुणा. त्या खुणांवरून दुसऱ्या गावच्या सुतारालाही घर तसंच्या तसं जुळवता येई. वखारीत आज थप्पीला लागलेल्या लाकडांवर आकडा असतो तो घनफुटांचा, खडूने लिहिलेला.